सिमवरचं पुरण

आमच्या घरात दिवसभरात सगळ्यांत जास्त वेळा उच्चारला जाणारा शब्द देवाचा नाही, माझा नाही आणि माझ्या नवऱ्याचा तर मुळीच नाही. तो शब्द आहे 'सिम'. गॅस सिम कर. सिमवर ठेव. सिम केला का? अगं, सिम! कुकरची शिट्टी झाली की हॉलमधून नवरा ओरडतो. त्याला आमच्या शेगडीचं कुठलं बटण कुठल्या बर्नरचं हेही ठाऊक नाही, चहासुद्धा करता येत नाही, पण सिम कधी करायचा ते मात्र त्याला पक्कं ठाऊक. सुरतेजवळच्या कडोदऱ्याला कापडाच्या लूमच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे त्याचा साधा आवाजही ओरडल्यासारखा असतो. त्यामुळे माझा सिम शेजारच्या जिन्यापर्यंत ऐकू जातो. एकदा समोरच्या गुजराती बाईंनी दार उघडून मला विचारलंसुद्धा, की सिम केला का म्हणून.

मी सुरतेतल्या एका मराठी शाळेत मराठी शिकवते. म्हणजे काय करते, ते माझं मलाच माहीत. वर्गातली पोरं घरी अहिराणी बोलतात, गल्लीत गुजराती, मोबाईलवर हिंदी, आणि उरलीसुरली मराठी माझ्या वाट्याला येते. एखादा शब्द शिकवायचा म्हणजे आधी तो गुजरातीत सांगायचा, मग हिंदीत, मग हातवारे करायचे. मग मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणतं, "असं सांगा ना टीचर," आणि इंग्रजी शब्द फेकतं. झालं, सगळ्यांना कळतं. माझा जीव तीळ तीळ तुटतो, पण सांगणार कुणाला?

म्हणून निदान स्वयंपाकघरात तरी मला माझे शब्द हवे होते. अमळनेरजवळच्या आमच्या गावी आई चुलीवर स्वयंपाक करायची. जाळ मोठा झाला तर ती म्हणायची, लाकूड मागे घे. भाजी शिजत आली की, निखाऱ्यांवर सरकव. दूध तापून झालं की, चुलीच्या बाजूच्या वैलावर ठेव. दरवेळी वेगळं सांगायची आणि दरवेळी वेगळं काहीतरी व्हायचं. आता हे सगळं एका बटणात गेलं. डाळ असो, दूध असो, मटण असो, सिम कर. मला या शब्दाचा राग येतो तो इंग्रजी आहे म्हणून नाही. इंग्रजी शब्द मी स्वतः दिवसभर वापरते. राग येतो तो त्याच्या आळशीपणाचा. माणसानं पातेल्यात डोकावून बघायचंच नाही, बटण फिरवलं की आपलं काम संपलं.

हे सगळं मी सुनेसमोर एकदा बोलून दाखवलं. सून म्हणजे माझ्या एकुलत्या एका मुलाची बायको. इच्छापोरच्या कारखान्यात दोघं एकाच ऑफिसात कामाला, तिथेच जमलं. माहेर चलथाणचं, घर गुजराती. लग्न कोर्टात झालं, मग हॉलमध्ये जेवण झालं, आणि आमच्या नात्यातली निम्मी माणसं जेवून गेली तरी लग्न झालं असं मानायला तयार नव्हती. पोरगी गोड आहे, कामसू आहे आणि तिला स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. माझं बोलणं तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "पण मम्मी, सिम तो बटण का नाम ही नहीं है. सिमर बोलते हैं. वो पातेले की हालत है."

"म्हणजे?"

तिनं गॅसवर पाणी ठेवलं आणि मला शेजारी उभं केलं. हळूहळू तळाशी बारीक बुडबुडे धरले, एखादा सुटून वर आला, पाण्याचा वरचा थर नुसता थरथरला. "आ जुओ," ती म्हणाली. "हे सिमर. उकळी नाही. उकळी आली की गेलं. बटण कुठेपण असू दे, पाणी असंच दिसलं पाहिजे." म्हणजे त्या शब्दात मुळात पातेल्याकडेच बघायला सांगितलं होतं. बटणाकडे बघायचं आम्ही ठरवलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मी चिडले. कारण मग मी विचार करायला लागले, की याला मराठीत काय म्हणायचं. रटरट? रटरट म्हणजे जरा जास्त झालं, त्यात आवाज येतो. खदखद तर त्याहून मोठी. मंद आच म्हटलं तर ती जाळाची गोष्ट झाली, पातेल्याची नाही. आधण, कढ, उकळी, सगळे शब्द ओट्यावर मांडून बसले आणि एकही नेमका बसेना. मराठी शिकवणाऱ्या बाईला सुनेनं पाण्याच्या पातेल्यासमोर उभं करून गप्प केलं. त्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा घातलं.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. या वर्षी कानबाई आमच्या घरी बसणार होती.

खानदेशातून सुरतेत आलेल्या आम्हा लोकांचा हा मोठा सण. श्रावणातल्या रविवारी नारळाला नथ, डोळे, दागिने घालून, साडी नेसवून देवी मांडायची, सोमवारी वाजतगाजत पोचवायची. आणि रविवारीच रोट करायचे. घरातल्या पुरुषांच्या नावानं गहू आणि हरभऱ्याची डाळ मापून काढायची, त्याचंच दळण, त्याचंच पुरण, त्याच्याच पोळ्या. एकदा माप निघालं की त्यात वरून चिमूट घालायची नाही आणि केलेल्यातलं कणभर टाकायचं नाही. शिवाय हे अन्न भाऊबंदकीबाहेर कुणाला द्यायचं नाही. आमच्याकडे तर लग्न करून दिलेल्या मुलीलाही रोट मिळत नाहीत, ती दुसऱ्या घरची झाली म्हणून. लग्न करून आलेल्या सुनेला मिळतात. आणि इथेच घोडं अडलं.

माझ्या मोठ्या जाऊबाई सणाच्या आठवडाभर आधी येऊन बसल्या. त्या कडोदऱ्यालाच राहतात, पण बोलतात अजून गावाकडचं, शुद्ध अहिराणी. गुजराती चाळीस शब्द कळतात, त्यातले बहुतेक भाजीवाल्याशी भांडायचे. त्यांच्या हातून इतकी वर्षं रोट झाले, कानबाईला नथ घालायचा मान त्यांचा, त्या म्हणतील ते घरात चालतं. त्यांनी आल्या आल्या मला बाजूला घेतलं.

"ती पोर आजून कानबाईम्होरे बठेल नई," त्या म्हणाल्या. "कोर्टमा सही करीसनी सून होस का? तिले सांग, रोटना कामले हात लावू नको. आनि पंगतमा बठानं का नई ते मी मंग देखसू."

म्हणजे ती रोट खाणार की नाही, हे त्या नंतर ठरवणार. रोट खाल्ले नाहीत तर ती आमची नाही, हा त्याचा सरळ अर्थ. साऱ्या भाऊबंदकीसमोर माझ्या सुनेला पाण्याचा जग घेऊन कडेला उभं राहावं लागणार, सगळ्या बायका तिच्याकडे बघणार आणि पुढची कित्येक वर्षं तेच बोलणार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नवऱ्याकडे गेले, तो म्हणाला, "वहिनीसमोर मी काय बोलू?" मी मुलाकडे गेले, तो म्हणाला, "मम्मी, जाऊ दे ना, एक दिवसाचा प्रश्न आहे." एक दिवसाचा! या घरातल्या पुरुषांना कुकरच्या शिट्टीवर मत आहे, बाकी कशावर नाही.

मी जाऊबाईंशी भांडले. समजावून सांगितलं, रुसून बघितलं, एकदा तर जेवलेही नाही. त्या ढिम्म हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या वाटणीची भाकरी झाकून ठेवली आणि सकाळी मलाच खायला लावली.

सुनेनं मात्र तक्रार केली नाही. तिनं 'मोठी आई' म्हणायला शिकून घेतलं होतं, ती म्हणायची, "मोठी आई, चा?" आणि जाऊबाई माझ्याकडे बघून म्हणायच्या, "तिले सांग, साखर कमी." चहाचा कप दोघींच्या मध्ये, आणि निरोप्या मी! आठवडाभर त्या पोरीशी एक शब्द सरळ बोलल्या नाहीत. 'तिले सांग, पंखा बंद कर. तिले सांग, दार लाव.' दोन्ही कान शाबूत असलेली पोरगी समोर उभी, आणि मी दोघींच्या मध्ये चेंडूसारखी इकडून तिकडे. मला नाकी नऊ आले.

रविवार उजाडला. एवढ्या पुरणासाठी घरची शेगडी पुरणार नव्हती, म्हणून थोरल्या दिरांनी मांडववाल्याकडून मोठी भट्टी आणली होती. स्वयंपाकघरामागच्या गॅलरीत ती मांडली. लग्नाच्या जेवणांना वापरतात तसली, खाली जाड बर्नर, बाजूला पितळी कॉक. पेटवली की विमान उडाल्यासारखा आवाज. डाळ शिजली, वाटली गेली, गूळ पडला, आणि पुरण आटवायला भट्टीवर चढलं. जाऊबाईंनी कॉक अगदी टोकापर्यंत फिरवला आणि म्हणाल्या, "आते सिमवर शे. काळजी नई."

सून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. आत यायचं नाही म्हणून बरोबर उंबऱ्याबाहेर, पावलाच्या बोटांवर, मान उंच करून. ती मला म्हणाली, "मम्मी, आ सिम नथी. पातेलं जुओ ने, उकळतंय. आ तो फुल छे."

खरंच, त्या भट्टीचं सगळ्यांत बारीक म्हणजे घरच्या शेगडीचं सगळ्यांत मोठं होतं. पुरण कडेनं फटफट उडत होतं. मी जाऊबाईंना म्हटलं, "ताई, जाळ मोठा वाटस."

"सिमवरच शे ना!" त्या मलाच खेकसल्या. "तिले सांग, आठे उभी राहू नको. हॉलमा ये, मले पिना दे."

कानबाईला साडी नेसवायची वेळ झाली होती. त्या हॉलमध्ये गेल्या, सुनेला टाचण्या धरायला सोबत नेलं, आणि मला सांगून गेल्या की सिमवर ठेवलंय, ढवळत राहा. मी ढवळत होते. तेवढ्यात खालून हाक आली, केळीचे खांब आले म्हणून. केळीवाला वर यायला तयार नाही, नवरा नेमका आंघोळीला, मुलगा फुलं आणायला. मी डाव ठेवला, पटकन जाऊन येते म्हणून खाली गेले. केळीवाल्यानं सांगितल्यापेक्षा कमी, दोनच खांब आणले होते. मी त्याच्याशी वाद घालत बसले. हे माझं नेहमीचं, वाद सुरू झाला की मला बाकीचं दिसत नाही.

जिना चढताना वास आला. गूळ करपल्याचा तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. माप काढलेली डाळ. वरून घालता येत नाही, टाकून देता येत नाही. सगळी भाऊबंदकी दुपारी जेवायला येणार. मी दोन-दोन पायऱ्या चढायला लागले आणि वरून जाऊबाईंचा आवाज आला.

"पुरन लागनं! आगं माय, कोन शे तठे? सिम कर! सिम कर वं!"

मी दारात पोचले तेव्हा जाऊबाई हॉलच्या मध्यात पाटावर बसल्या होत्या. मांडीवर कानबाईचा नारळ, नथ घातलेली, साडी अर्धी नेसवलेली. तशी देवी खाली ठेवून उठता येत नाही. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवलेली होती. आणि तिथे उंबऱ्यावर माझी सून थबकून उभी होती, हातात टाचण्या, आत जाऊ की नको या विचारात, डोळे जाऊबाईंवर.

"उभी काय शे?" जाऊबाई ओरडल्या. थेट तिला. माझ्यामार्फत नाही. "जाय ना, पोरी! सिम कर सांगस ना!"

ती गेली. मी मागोमाग धावले. तिनं सिम केलाच नाही. कॉक सरळ बंद केला, भट्टीचा आवाज थांबला, आणि हातात फडकं घेऊन तिनं वरचं पुरण डावानं अलगद दुसऱ्या पातेल्यात काढायला सुरुवात केली, तळाला धक्का न लावता. मला म्हणाली, "मम्मी, पकडो," आणि मी पकडलं. वरचं पुरण वाचलं. पिवळं, मऊ, वासही फारसा लागला नव्हता. खाली तळाला काळा जाड थर राहिला.

हॉलमधून ओरडा आला, "बंद कसाले करा? सिम सांगं व्हतं ना मी!"

आणि माझी सून, जिनं आठवडाभर तोंडातून ब्र काढला नव्हता, गॅलरीतून तितक्याच जोरात ओरडली, "मोठी आई, याचा सिम, सिमच नाही!"

हॉलमधून कानबाईच्या बांगड्यांचा किणकिणाट परत सुरू झाला. जाऊबाई नेसवायचं काम पुढे करायला लागल्या होत्या. जळालं त्याबद्दल नाही, उलट बोलली त्याबद्दल नाही, एक अक्षर नाही. मला तर त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुपारी माणसं आली. आरती झाली, पुरुषांची पंगत उठली, मग बायकांची बसली. सून आपणहूनच पाण्याचा जग घेऊन भिंतीला लागून उभी राहिली. तिनं नवी साडी नेसली होती, निऱ्या मीच घालून दिल्या होत्या. मी ठरवून ठेवलं होतं, ती बसणार नसेल तर मीही बसणार नाही, सगळ्यांसमोर म्हणणार, होऊ दे काय व्हायचं ते. वाक्य मनात घोळवून तयार केलं होतं. चांगलं मराठी वाक्य होतं, शाळेत शिकवण्यासारखं.

जाऊबाई वाढत होत्या. पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, आमटी. सगळ्यांना वाढून झाल्यावर त्या आत गेल्या. आतून उलथन्यानं पातेलं खरवडल्याचा आवाज आला, खरड, खरड, बराच वेळ. बाहेर आल्या तेव्हा एका हातात रिकामी थाळी आणि दुसऱ्या हातात ते करपलेलं पातेलं. थाळी त्यांनी स्वतःच्या पाटाशेजारी ठेवली. तिच्यात पुरणाची काळी खरवड घातली, चांगली ढीगभर. मग भिंतीकडे बघून म्हणाल्या, "बठ. हाई तुनं शे."

माझं डोकं सणकलं. आयुष्यातला पहिला रोट, आणि तो जळका! साऱ्या बायकांसमोर! माझं सुंदर वाक्य कुठल्या कुठे गेलं आणि तोंडातून जे निघालं ते अहिराणीच निघालं. "ताई, जयेल कसाले देतस तिले?"

जाऊबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू काही मी वर्गातली शेवटच्या बाकावरची पोर आहे.

"मंग कोनले देऊ? बाहेरनाले देता येस का?"

बायका हसायला लागल्या. मी नाही हसले. मला तेवढ्यात कळलं होतं, आणि कळल्यावर माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, रागानं का कशानं ते मला सांगता येणार नाही. चांगली पोळी तर पंगतीत पाहुणीलाही चुकून वाढली जाते. जळकं फेकता येत नाही म्हणून घरचंच माणूस खातं. एवढ्यासाठी मी आठवडाभर घसा कोरडा केला होता, आणि बाईनं एका काळ्या ढिगानं काम उरकलं, वर एका शब्दानंही कबूल केलं नाही. इतका संताप मला त्यांचा आधी कधी आला नव्हता, आणि इतक्या त्या मला कधी आवडल्याही नव्हत्या.

सुनेनं जग खाली ठेवला. पदर सावरून ती जाऊबाईंशेजारी पाटावर बसली. खरवडीचा एक तुकडा तोडून तोंडात घातला आणि चेहरा वाकडा होऊ नये म्हणून डोळे मोठे केले.

"तुले बी," जाऊबाई मला म्हणाल्या, आणि पातेल्यातला राहिलेला एक तुकडा माझ्या ताटात पडला. "तू खाली केळीवालासंगे भांडाले जायेल व्हती." मग सुनेच्या थाळीतली अर्धी खरवड उचलून त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली. "सिम मी करेल व्हता," त्या म्हणाल्या, कुणाकडेही न बघता.

खरवड कडू होती, दाताला चिकटत होती. आम्ही तिघींनी मिळून ती संपवली.